श्रावण पाळताना दारूचा हिशेबही मांडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आषाढ संपत आला की वर्तमानपत्रांत गटारीची छायाचित्रे दिसू लागतात. मटणाच्या दुकानापुढची रांग, वाइन शॉपचा गजबजलेला काउंटर आणि वर ‘तळीरामांची चंगळ’ असा ठरलेला मथळा. दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्रातली असंख्य माणसे महिनाभर बाटलीला हात लावत नाहीत, त्याबद्दल मात्र कुठे ओळसुद्धा येत नाही. व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्या आम्हा काही डॉक्टर आणि समुपदेशकांना तो महिना गटारीपेक्षा फार मोलाचा वाटतो. म्हणून हे पत्र.

ब्रिटनमध्ये जानेवारीत महिनाभर न पिण्याची मोहीम चालवावी लागते. आपल्याकडे असा महिना पंचांगातच आहे. एरवी ‘आज नको’ म्हणणाऱ्याला मित्र दहा प्रश्न विचारतात, तब्येत बिघडली का, घरून दम मिळाला का. श्रावणात ‘श्रावण आहे’ एवढे दोन शब्द पुरतात आणि कोणी ग्लास पुढे सरकवत नाही. दारू कमी करू पाहणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास या आग्रहाचाच होतो आणि तो आपोआप थांबतो. एवढी सोय असूनही बहुतेकांचा महिना ‘कधी सुटतो’ याची वाट पाहण्यात जातो. कोणी पोळ्याच्या करीला सुटतो, कोणी गणपती उठल्यावर, आणि पहिल्याच बैठकीत महिन्याची भरपाई होते. हा महिना केवळ रेटून नेण्याऐवजी आपण किती पितो, का पितो, हे मोजण्यासाठी वापरावा, असे आमचे सांगणे आहे.

त्याआधी काही वाचकांना हात जोडून विनंती. तुम्ही एका रात्रीत बंद करू नका. सकाळी उठल्यावर चहाचा कप धरताना हात थरथरतात, घाम येतो, ‘उतारा’ घेतल्याशिवाय अंगात बळ येत नाही, अनेक महिने रोज क्वार्टर (१८० मिली) किंवा त्याहून जास्त लागते, किंवा पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट आली होती, यांपैकी एकही गोष्ट लागू असेल तर गटारीच्या आधीच डॉक्टरांना भेटा. कारण असे की दारू मेंदूचा ब्रेक दाबून धरते. रोज ब्रेक दाबलेला म्हणून मेंदू आपला वेग वाढवून बरोबरी साधतो. मग दारू एकाएकी काढून घेतली की ब्रेक सुटतो आणि वाढवलेला वेग तसाच राहतो.

हे तिथीनुसार सांगतो, म्हणजे घरच्यांच्या लक्षात राहील. शेवटचा पेग अमावस्येच्या रात्री अकराला घेतला, तर प्रतिपदेच्या सकाळी हातांना कंप, मळमळ, घाबरेपणा, छातीत धडधड सुरू होते. त्या दिवसापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत, म्हणजे ६ ते ४८ तासांत, फिट येण्याचा धोका सर्वांत जास्त. त्यातून सुटलेल्या काहींना दुसरा दिवस सरता सरता, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी भ्रम होतो. माणूस घरच्यांना ओळखत नाही, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, कोणीतरी मारायला आलेय म्हणून दाराकडे धावतो, अंगात ताप असतो. नेमके श्रावणाचे पहिले दिवस असल्याने घरात याचा अर्थ बाधा, देवाचा कोप असा लावला जातो आणि माणसाला देवऋषीकडे नेतात. यात जाणारे तास जिवावर बेततात. अशा वेळी थेट मोठे रुग्णालय गाठायचे.

उपचार अवघड नाही. मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या सुरुवातीला पुरेशा देऊन पाच ते सात दिवसांत उतरवत नेतात. यकृत खराब असेल तर गोळी वेगळी निवडावी लागते, म्हणून त्या परस्पर मेडिकलमधून आणू नयेत. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१, म्हणजे थायमिन, कमी झालेले असते. ‘अशक्तपणा आलाय, सलाइन लावा’ म्हणून जवळच्या दवाखान्यात नेले आणि नुसते ग्लुकोज चढवले, तर उरलेसुरले थायमिनही खर्च होते. मग डोळ्यांची हालचाल, चालण्याचा तोल आणि स्मरणशक्ती यांवर कायमचा घाला पडू शकतो. तेव्हा सलाइन लावण्यापूर्वी ‘हे रोज पितात, परवापासून बंद केली आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजेपोटी हे वाक्य गिळले जाते. थायमिनचे इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर. आणि त्या पहिल्या आठवड्यात उपास करू नये. श्रावणी सोमवार पुढच्या वर्षीही येणार आहे. हीच गोष्ट गळ्यात माळ घालून कायमची सोडणाऱ्यांना लागू. निश्चय मोलाचा आहे, फक्त माळेआधी एकदा डॉक्टर.

आता बाकीच्यांकडे येतो. ‘मी काही बेवडा नाही, आठवड्यातून तीन-चारदा बसतो’ असे म्हणणारा वर्ग मोठा आहे. यांना कंप नसतो, उतारा लागत नाही, पण आपण नेमकी किती पितो हे माहीत नसते. हिशेब सोपा आहे. जितके मिलीलिटर प्यालो त्याला बाटलीवरच्या टक्केवारीने गुणायचे, शंभराने भागायचे आणि ०.७९ ने गुणायचे. जो आकडा येईल तितके ग्रॅम अल्कोहोल पोटात गेले. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. त्यामुळे ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे जवळजवळ १० ग्रॅम, आणि क्वार्टर म्हणजे सहा छोटे पेग, ६१ ग्रॅम. ‘आपण फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी ६५० मिलीची बाटली फिरवून बघावी. ५ टक्क्यांची असेल तर २६ ग्रॅम, ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४१ ग्रॅम, म्हणजे एका बाटलीत चार छोटे पेग. दोन स्ट्राँग बिअर क्वार्टरच्या पुढे जातात, हे हिशेब मांडल्याशिवाय कोणाला पटत नाही.

घरी ओतताना तर फसगत ठरलेलीच. त्यासाठी एक प्रयोग सांगतो, तो श्रावणातही करता येतो, कारण त्यात दारू लागत नाही. नेहमीचा पेला घ्या. डोळ्यांच्या अंदाजाने नेहमी जितकी ओतता तितके पाणी ओता. आता लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीवर येते ते मापाचे झाकण घ्या, बहुतेकदा १० मिलीचे असते. पेल्यातले पाणी झाकणाझाकणाने मोजत बाहेर काढा. तीन झाकणे म्हणजे छोटा पेग, सहा म्हणजे मोठा. आतून साडेसहा सेंटिमीटर रुंद असलेल्या पेल्यात ‘दोन बोटे’ म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर उंची धरली तर दहा झाकणे भरतात. शंभर मिली. माणूस त्याला एक पेग म्हणतो आणि असे तीन घेऊन ‘आज तीनच झाले’ असे मनापासून खरे बोलतो. झाले असतात दहा. पसरट, जड बुडाच्या काचेच्या ग्लासात ही चूक आणखी वाढते, कारण उंची कमी दिसते.

महिनाभर एक छोटी वही ठेवा, मोबाइलमधली नोंदही चालेल. प्यायचे नाहीच, तेव्हा नोंद तलफेची करायची. वाजले किती, होतो कुठे, त्याआधी काय झाले, पोटात काही होते का. दोन आठवड्यांतच नक्षी दिसू लागते. कोणाची तलफ साडेसातला घरी आल्यावर दार उघडतानाच येते, कोणाची पगाराच्या संध्याकाळी, कोणाची साहेबांशी वाजल्यावर, कोणाची नुसती भुकेने. ही शेवटची समजूत सर्वाधिक उपयोगी पडते. दुपारी दीडला डबा खाल्लेला माणूस रात्री आठला रिकाम्या पोटी असतो आणि ती भूक त्याला ‘बसायची इच्छा’ वाटते. सातच्या आत भाजी-भाकरी खाऊन घ्या, बऱ्याच संध्याकाळी प्रश्न तिथेच मिटतो. उरलेली तलफ लाटेसारखी असते. चढते, साधारण वीस मिनिटे टिकते, उतरते. तेवढ्या वेळात अंघोळ, नाक्यापर्यंत फेरी, फोन, काहीही चालते. बसून तिच्याशी वाद घालू नये, एवढेच.

पहिल्या आठवड्यात झोप बिघडते आणि बरेचजण इथेच हरतात. ‘दोन पेगांशिवाय झोपच लागत नाही’ हे वाक्य खरे असते, पण अर्धेच. दारूने डोळा लवकर लागतो, मात्र ती उतरू लागते तशी पहाटे दोन-तीनला जाग येते, घसा कोरडा, छाती धडधडती. शरीराला या चक्राची सवय झालेली असल्याने थांबवल्यावर काही रात्री तळमळत जातात. आठवडा ते दोन आठवडे धीर धरला तर झोप सलग होते. या काळात झोपेची गोळी सुरू करू नये, एक टेकू काढून दुसरा लावल्यासारखे होते. गोड खावेसे वाटेल, ते खा. नंतर बघता येईल.

ज्यांना परवडेल त्यांनी श्रावणाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसांत दोनदा रक्त तपासावे. एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी या यकृताच्या तपासण्या आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, सोबत रक्तदाब. दारूमुळे वाढलेली जीजीटी दोन-तीन आठवड्यांत साधारण निम्म्यावर येते. यकृतावरची चरबीही काही आठवड्यांत ओसरू लागते. आपल्याच नावाचे दोन कागद शेजारी ठेवून पाहिल्यावर जे कळते ते कोणाच्या उपदेशाने कळत नाही. आकडे खाली आले नाहीत तर कारण दुसरे असू शकते, तेही शोधायलाच हवे. रक्तदाब उतरला म्हणून स्वतःच्या मनाने गोळी मात्र कमी करू नये.

‘थोडी घेतलेली चांगली असते’ याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की आरोग्याच्या दृष्टीने दारूची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला पहिल्या गटातले, म्हणजे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले, कर्करोगकारक ठरवले होते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. थोडी पिणाऱ्यांचे हृदय चांगले, असे दाखवणाऱ्या जुन्या अभ्यासांत मोठी खोट होती. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे सोडलेली माणसेही मोजली गेली होती, त्यामुळे तो गट उगाच आजारी दिसला. थंडीत ब्रँडीने ऊब येते म्हणतात, तर ती त्वचेला येते. आतली उष्णता उलट बाहेर जाते.

महिना संपताना खरी कसोटी लागते. सुटण्याच्या दिवशी, मित्रांच्या गराड्यात, ‘किती’ हे ठरवता येत नाही. ते शेवटच्या आठवड्यात, सकाळी, वहीत लिहून ठरवावे. आठवड्यात किती दिवस आणि त्या दिवशी किती मिली, असे दोनच आकडे. आठवड्याला पाच दिवस ९० मिली घेणारा माणूस ४५० मिलीवर असतो. तीन दिवस ६० मिली ठरवले तर तो १८० वर येतो, निम्म्याहून खाली. या आकड्याला सुरक्षित म्हणत नाही, पण आधीपेक्षा तो नक्कीच बरा.

आकडा पाळायचा तर घरात खंबा, म्हणजे मोठी बाटली, ठेवू नये. खंबा मिलीमागे स्वस्त पडतो आणि म्हणूनच महाग पडतो, कारण समोर उरलेली दारू संपवली जाते. ठरवलेल्या दिवशी ठरवलेल्या मापाची छोटी बाटलीच आणावी. ड्राय डेच्या आदल्या दिवशी साठा करण्याची पद्धत मोडावी. चार दिवसांचा माल दोन दिवसांत जातो. तहान लागली असताना पहिला ग्लास पाण्याचा घ्यावा. खारे शेंगदाणे आणि फरसाण तहान वाढवतात, म्हणून चखण्याला उकडलेली अंडी, चणे, काकडी बरी, आणि त्याआधी जेवण. आपला पेग आपणच मापाने ओतावा. दुसऱ्याने अर्धा ग्लास असतानाच भर घातली की मोजणी तिथेच संपते.

एक धोका विशेष लिहून ठेवण्यासारखा आहे. महिनाभरात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. श्रावणाआधी पचणारी क्वार्टर आता खूप जास्त चढते आणि माणूस त्याच बेताने मोटारसायकलला किक मारतो. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळते, म्हणजे क्वार्टर उतरायला सहा ते साडेआठ तास. रात्री अकराला संपवली तर सकाळी साडेसातलाही रक्तात काही उरलेली असू शकते. कोरी कॉफी, लिंबू, ताक, थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग बदलत नाही, जाग आल्यासारखे वाटते एवढेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सकाळच्या पाळीला जाणाऱ्या चालकांनी हा हिशेब रात्रीच करावा.

मधुमेहींना आणखी एक. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना न जेवता प्यायले तर साखर कित्येक तासांनी, झोपेत, एकदम खाली जाते. बरळणे, घाम, अडखळणे ही त्याची लक्षणे, आणि घरचे समजतात चढली आहे, झोपू द्या. अशा माणसाची साखर ग्लुकोमीटरवर लगेच तपासा.

ठरवलेला आकडा लागोपाठ तीन-चार वेळा मोडला तर स्वतःला दोष देत बसू नये, त्यातून मिळालेली माहिती घ्यावी. काही माणसांना दोन पेगांवर थांबणे न पिण्यापेक्षा कितीतरी कठीण असते. पहिल्या पेगाने त्यांचा विचार करणारा भागच गैरहजर होतो. अशांनी ‘कमी’च्या नादी न लागता ‘बंद’चा रस्ता धरावा, तो त्यांच्यासाठी सोपा आहे. यकृत आकसलेले, गरोदर स्त्रिया, फिटच्या गोळ्या घेणारे यांना तर कमीचा पर्यायच नाही. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच पेगाने रक्तातली पातळी जास्त चढते, हेही ध्यानात ठेवावे.

घरच्यांसाठी दोन गोष्टी, आणि या आम्ही तळमळीने लिहितो आहोत. ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिरातींना बळी पडू नका. भाजीत, चहात गुपचूप मिसळल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत डायसल्फिरम नावाचे औषध असू शकते. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय अधू असेल तर मृत्यूही ओढवू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. हे औषध उपयोगी आहे, पण ज्याला द्यायचे त्याला सगळे सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधेही आहेत, ती यकृत आणि मूत्रपिंड तपासून दिली जातात. दुसरे असे की मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. शपथ मोडते तेव्हा शरम येते, आणि शरम बुडवायला त्याला एकच जागा माहीत असते. बोलायचे तर सकाळी, तो शुद्धीवर असताना, एकाच ताज्या प्रसंगाबद्दल बोला.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकापर्यंत काही उपचार पोहोचतो. महाराष्ट्रात सोयी नाहीत असे नाही. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठीतून चालणाऱ्या विनामूल्य सभा आहेत, घरच्यांसाठी तसाच अल-अनॉन हा गट आहे. माणूस तिथवर जात नाही याची कारणे अनेक आहेत, त्यांतले एक म्हणजे थट्टा. ‘तळीराम’ म्हणून ज्याच्यावर हसले जाते तो आपल्या हाताची थरथर डॉक्टरांपासूनही लपवतो.

म्हणून संपादक महोदय, आपल्याकडे मागणे एवढेच. यंदा गटारीच्या बातमीतून ‘तळीराम’ हा शब्द वगळावा आणि त्याच पानावर चार ओळींची चौकट द्यावी. रोज पिणाऱ्याने उद्यापासून अचानक थांबवू नये. कंप, फिट, भ्रम दिसल्यास रुग्णालय गाठावे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६.

आपले,
व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे काही डॉक्टर व समुपदेशक